आवाज माझा होता

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो दोन आवाजांनी. एक लांबून यायचा, गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाचा, वारा असेल तसा कमी-जास्त होणारा. दुसरा माडीवरून, नानांच्या सेटमधल्या खरखरीचा. नाना म्हणजे माझे वडील. नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि उरलेल्या वेळात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि स्वतः जोडलेल्या सेटवरून कुठल्या कुठल्या गावच्या तशाच हौशी माणसाशी बोलायचं, इतकाच तो उद्योग. पण माडीचा जिना चढून गेलं की खाली चाललेली भांड्यांची आदळआपट, काकूचं कुणाला तरी रागावणं, मोंढ्याच्या बाजारात निघालेल्या आबांच्या वहाणांची करकर, सगळं दार लावल्यासारखं बंद व्हायचं, आणि त्या खरखरीतून एखादा माणूस अगदी कानाशी येऊन बोलायचा. मी सातवी-आठवीपासून नानांच्या शेजारी स्टुलावर बसत आले. एकोणीस पुरी व्हायच्या आत माझा स्वतःचा परवाना आला.

आबा नानांचे थोरले भाऊ, काकू त्यांची बायको. घर दोघांचं होतं, पण चालायचं आबांच्या शब्दावर. मोंढ्यात त्यांची आडत होती, घरात चौदा-पंधरा माणसं जेवायची, आणि कुणाला काय हवं-नको ते आबा न विचारता आणून टाकायचे. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिलेले आबाच मला आठवतात. म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडायचं नाही. माझं लग्न त्यांनी ठरवलं तेव्हाही असंच झालं. लातूरचे कदम वकील, त्यांचा मुलगा इंजिनियर, घरचं सगळं उत्तम. सुपारी फुटली. कदमांच्या घरच्यांनी सांगून ठेवलं की लग्नानंतर ते रेडिओचं वगैरे राहू द्यायचं, घरात बरं दिसत नाही. आबा हो म्हणाले. नाना खाली बघत होते. मी आतल्या दारात उभी होते, हातात पोह्यांची ताटली. कुणी दुष्ट असतं तर भांडता आलं असतं. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, आणि मला मात्र खोलीतली हवा कुणीतरी हळूहळू काढून घेतंय असं वाटत होतं. आज पन्नाशी उलटल्यावरही, कुणी फार मायेनं माझ्यासाठी काही ठरवायला लागलं की तशीच धाप लागते.

शहाना माझी कॉलेजातली मैत्रीण. गावातल्या इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा प्रयोगशाळेत नानांनी मोर्सची सांकेतिक लिपी ऐकवली, त्या टिक-टिक, डा-डाच्या नादानं तिला असं धरलं की माझ्याआधी तिचं शिकून झालं. परीक्षा आम्ही बरोबरच दिली. ती आमच्याकडे यायची तेव्हा काकू तिच्या चहाचा ग्लास वेगळा ठेवायची. शहाना तो स्वतःच विसळून पालथा घालायची आणि जिना चढून वर यायची. वर आल्यावर तिला जे बोलायचं ते ती हवेत, म्हणजे सेटवरून, बोलायची. हवेत नाव-गाव-जात विचारायची पद्धत नाही. सरकारनं दिलेली अक्षरं आणि आकडे, म्हणजे कॉलसाइन, तीच ओळख. पंजाबातला एक म्हातारा सरदार तिला ‘बेटी’ म्हणायचा, ती त्याला मराठवाड्यातलं ऊन सांगायची. तिच्या हसण्याचा आवाज माडीवर मोठा व्हायचा आणि जिना उतरताना लहान.

त्या वर्षी हौशी मंडळींची एक स्पर्धा जाहीर झाली. रविवारच्या एका दिवसात जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं, प्रत्येक बोलण्याची नोंद करायची. पण जे फिरत्या गाडीतून बोलतील त्यांना प्रत्येक नव्या तालुक्यात पुन्हा नव्यानं गुण. घरात बसून बोलणं आम्हाला येत होतं. गाडीतून बोलायचं म्हटल्यावर शहाना जागची उठून उभीच राहिली. तिच्या भावाची डिझेल जीप नांदेड-कंधार अशी प्रवासी वाहायची, रविवारी ती रिकामी मिळणार होती. डिझेलच्या गाडीला ठिणगीचे प्लग नसतात, म्हणून रेडिओत खरखर कमी येते, हे तिनंच मला सांगितलं. चालवणार कोण, तर तीच. उमरीला तिच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, शेतात ती ट्रॅक्टरपासून सगळं चालवायला शिकली होती. ती चालवणार, मी बोलणार, आणि गाडी थांबली की आलटून पालटून. नांदेडहून निघायचं, लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं. लातूर गाठायचं म्हणून तर परवानगी मिळाली. कदमांनी मला त्या संध्याकाळी घरी बोलावलं होतं, साड्या पसंत करायला. आबा म्हणाले, नाना बरोबर असतील तर जा, काय ते शेवटचं करून घ्या.

म्हणजे मी जिथून सुटायला निघाले होते त्याच दाराशी तो रस्ता संपत होता. पण त्या सकाळी मला तेही चाललं.

निघायच्या वेळी आबांनी नानांना मुदखेड जंक्शनला पाठवलं. हैदराबादेकडून काही पाहुणे यायचे होते, त्यांना उतरवून घ्यायला माणूस हवा होता. नाना नाही म्हणाले नाहीत, त्यांनी आबांना कधीच नाही म्हटलं नव्हतं. जीपच्या मागच्या बंपरला अँटेना बांधता बांधता ते मला हळूच म्हणाले, "तुम्ही दोघी व्हा पुढं. मी बसनं गाठतो लातूर." अँटेना त्यांनीच केला होता, ॲल्युमिनियमची उंच नळी आणि मधे प्लॅस्टिकच्या पाइपवर गुंडाळलेली तांब्याची तार. आमच्या परवान्यांच्या झेरॉक्स त्यांनी माझ्या पर्समध्ये घातल्या आणि शहानाला सांगितलं की खड्ड्यात नळी हेलकावते, सांभाळून. मग ते वळून न बघता स्टेशनकडे चालायला लागले.

लोह्यापर्यंतचा रस्ता मी अजूनही कधी कधी झोप येत नाही तेव्हा मनात फिरून येते. तुरीचं पीक काढून झालेलं, रानं उघडी, ऊन अजून कोवळं. मांडीवर नोंदीची फळी, एका कानावर हेडफोन, हातात माइक. बोलावं तर जीप उडायची आणि माझा आवाज मधेच तुटायचा. पलीकडचा कुणी हसून विचारायचा, घोड्यावर बसलात का. मी तालुक्याचं नाव सांगायची आणि लोक तुटून पडायचे, कारण त्या तालुक्यातून कधी कुणी बोललंच नव्हतं. कंधारच्या किल्ल्याजवळ आम्ही धपाटे आणि दही खाल्लं, शहानाच्या अम्मीनं दिलेली खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाल्ला. तिथं तासभर तिनं सेट घेतला. सरदारजी सापडले. ती त्यांना म्हणाली, चाचा, आज घरातून नाही, रस्त्यावरून बोलतेय. डोक्यावरची ओढणी मानेवर सरकली होती, आणि ती तिनं सावरली नाही.

पुढचं ज्या गावात झालं त्याचं नाव मी लिहीत नाही. तालुक्याचं गाव होतं, लातूरच्या वाटेवरचं. गावाबाहेर माळावर जीप उभी करून मी बोलत होते. मुंबईत स्फोट झाले त्याच्या नंतरचे ते दिवस, वर्तमानपत्रात रोज कुणाला तरी धरल्याची बातमी असायची. दोन पोरी, एक उंच अँटेनाची जीप, आणि इंग्रजीत ‘टँगो’, ‘व्हिस्की’ असले शब्द. अक्षरं नीट कळावीत म्हणून ते शब्द जगभर वापरतात, पण ते त्या माळावर कुणाला ठाऊक असणार? आधी शेळ्यांमागच्या दोन बाया थांबल्या. मग मोटारसायकलवरचे तिघं. बघता बघता जीपभोवती इतकी माणसं झाली की दार उघडायला जागा राहिली नाही. एकानं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. मग शहानाकडे बघून पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं, आणि ती सगळी गर्दी एका पावलानं पुढं सरकली. मला ते पाऊल ऐकू आलं. शहानानं काच वर केली, चावी काढून मुठीत धरली आणि समोर बघत राहिली. उन्हानं जीप तापत होती. पोलिसांची गाडी आली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं.

ठाण्यात आम्हाला मागच्या एका खोलीत बसवलं. जप्त केलेल्या सायकली भिंतीशी रचलेल्या, एक बाक, एक गजांची खिडकी. दाराला कडी लावली नाही, पण दारात खुर्ची टाकून हवालदार बसला. फौजदार तरुण होते, बोलायला नीट. परवान्याच्या झेरॉक्स त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाले, असला कागद मी पयल्यांदा बघायलोय, खरा का खोटा कुणाला विचारू, आज रविवार, सगळी हापिसं बंद. मला त्यांनी एकदा विचारलं ते एकदाच. शहानाला बाहेर बोलावून पुन्हा पुन्हा विचारलं. अब्बा काय करतात, भाऊ कुठं कुठं जातो, हैदराबादेत कोण आहे, हैदराबादच्या पुढं कोण आहे. ती परत येऊन बसायची आणि मी विचारायच्या आत सांगायची की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाकाच्या अगदी कडेला बसली. हवालदारानं तांब्यातलं पाणी आणलं, मला दिलं. मी तिला पुढं केलं तर ती म्हणाली, "नको, मग बाहेर जायला विचारावं लागंल."

दुपार त्या गजांतून सरकत गेली. शेजारच्या खोलीत कुणीतरी आमचा सेट चालू करून पाहिला असावा, कारण भिंतीपलीकडून मधूनमधून ओळखीची खरखर आणि तिच्यातून तुकड्या-तुकड्यानं माणसं ऐकू यायची. आमचीच मंडळी, आकडे देत-घेत चाललेली. एकजण आमचा कॉलसाइन पुकारत होता, आता कुठल्या तालुक्यात आहात, ऐकताय का. ते पाच-दहा फुटांवर होतं आणि उत्तर देता येत नव्हतं. शहानानं कानावर हात ठेवले. आयुष्यात मी नंतर बरंच काही सोसलं, पण अडकणं म्हटलं की मला गज आठवत नाहीत, तो पुकारा आठवतो.

फौजदारांनी नांदेडला फोन लावला होता. नाना घरी नव्हतेच, आबांनी घेतला. आबांनी नांदेडहून निघण्याऐवजी लातूरला कदमांना फोन केला. त्यात चूक काहीच नव्हती, लातूर जवळ होतं आणि कदम वकील होते. उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांची पांढरी गाडी आवारात आली. मुलगा गाडीतच बसून राहिला, वकील तेवढे आत आले. त्यांचं आणि फौजदारांचं समोरच्या खोलीत बोलणं झालं, चहा झाला. मग ते आमच्या दारात येऊन मला म्हणाले, "चल, झालं तुझं. सही करून निघायचं."

मी विचारलं, शहानाचं?

त्यांनी फौजदारांकडे पाहिलं. फौजदार म्हणाले की त्यांची चौकशी बाकी हाय, सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला इथं ठेवता येत न्हाई, तवा जिल्ह्याला पाठवावं लागंल, तिथं बाई पोलीस हाय. कदम मला समजुतीच्या सुरात म्हणाले की तिच्या घरच्यांना कळवलंय, ते येतील, त्यांचं ते बघून घेतील, तू यात पडू नको. घरी सगळे वाट बघताहेत.

त्यांचा आवाज आबांसारखाच होता. तसाच मायेचा, तसाच ठरवून टाकलेला. मला वाटलं, मी आता या दारातून बाहेर पडले तर ज्या गाडीत बसेन तिथून पुन्हा कधी उतरणार नाही. पण हे आत्ताचं शहाणपण असेल. त्या वेळी मला फक्त शहाना दिसत होती, बाकाच्या कडेला, ओढणी घट्ट डोक्यावर. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू जा मंगल. तू थांबलीस तर अजून वाढवतील."

मी बाकावर बसले. फौजदारांना म्हणाले, "साहेब, माळावर लोकांनी जे ऐकलं ते मी बोलत होते. आवाज माझा होता. ही नुसती गाडीत बसली होती. पाठवायचं तर मला पाठवा, आणि मला सोडायचं तर तिला कशासाठी ठेवता ते लिहून द्या."

कदमांचा चेहरा रागावला नाही, बंद झाला. ते म्हणाले, "पोरी, मी एकदाच आलो आहे." मी मान खाली घातली. ते बाहेर गेले. गाडी मात्र लगेच सुरू झाली नाही. आवारात ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, आणि मी त्या इंजिनाच्या आवाजाची वाट बघत बसले, यावा की न यावा ते न कळून.

इंजिनाआधी चपलांचा आवाज आला. नाना. पाहुण्यांना नांदेडच्या स्टेशनवरून घरी धाडून ते परस्पर बसनं निघाले होते, आणि नांदेड-लातूर बस ठाण्यावरून जाते. खिडकीतून त्यांना आवारात आमची जीप दिसली, म्हणजे जीप नव्हे, त्यांनी स्वतः बांधलेली ती नळी. पुढच्या वळणावर बस थांबवून ते पळत आले होते, सदरा घामानं चिकटलेला. दारातल्या हवालदारानं अडवलं तर ते त्याला म्हणाले की या माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत, सेट मी बनवलाय, परवाना कसा मिळतो ते मला विचारा. मग आत येऊन त्यांनी फौजदारांसमोर परीक्षेचं, परवान्याचं, मोर्सचं सगळं सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगायचे तसं, अगदी पहिल्यापासून. फौजदार अधूनमधून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत होते. नानांचं संपेना. शेवटी कदम पुन्हा आत आले. का आले, मला कधी कळलं नाही. ते फौजदारांना कोरड्या स्वरात एवढंच म्हणाले की एकीला सोडलंत तर दुसरीला ठेवायला कारण लिहावं लागेल, आणि ते कारण मला तरी दिसत नाही. नानांशी एक शब्दही न बोलता ते गेले. या वेळी गाडी लगेच निघाली.

आम्हाला दोघींना सोडलं. सेट ठेवून घेतला. तो पुढं काही महिन्यांनी परत आला, आतल्या तारा उपटलेल्या.

परतीच्या वाटेवर शहानाच चालवत होती. नाना म्हणाले मी घेतो, तर तिनं मान हलवली. लोह्याच्या अलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली, बाभळीमागं जाऊन आली, डब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि पुन्हा चाकाशी बसली. इतवाऱ्यात तिच्या दारात अख्खी गल्ली उभी होती. ठाण्यातून निरोप उशिरा पोचला होता, तिचे अब्बा नुकते निघायच्या तयारीत होते. त्यांनी तिच्याकडे नाही, नानांकडे पाहिलं आणि हात जोडले. नानांनी ते हात धरून खाली केले. अम्मीनं तिला आत घेतलं.

घरी आबा ओसरीवर होते. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, कदमांचा फोन येऊन गेला, त्यांनी सुपारी परत केली. ठाण्यातून बाहेर यायला सांगितलं तर ही बसून राहिली म्हणे. मी काही बोलायच्या आत नाना पुढं झाले.

"मी सांगितलं होतं तिला. दोघी निघाल्यात, दोघींनी परत यायचं," नाना म्हणाले.

असं त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. आबा भावाकडे बघत राहिले. मग उठून आत गेले आणि त्या दिवसापासून बरेच महिने त्यांनी नानांशी बोलणं सोडलं. एका पंक्तीत बसायचे, भाजी हवी असली तरी काकूला सांगायचे. नाना त्या काळात जेवताना हळूहळू ताठ बसायला लागले, असं मला आठवतं. माझं लग्न पुढं माझ्या पसंतीनं झालं, जरा उशिरा, लातुरातच. ते वेगळं.

शहाना मात्र माडीवर आली नाही. नानांनी नवा सेट जोडला तेव्हा मी तिला ओढून आणलं. तिनं माइक हातात घेतला, बटण दाबलं नाही, परत ठेवला. म्हणाली, "तिथं कुणी नाव विचारत नव्हतं मंगल, म्हणून मला आवडायचं. आता बोलायला गेले की आधी ती खोली येते." परवान्याची मुदत संपली तेव्हा तिनं तो पुन्हा काढला नाही. मी भांडले, रडले. ती माझी वेणी सारखी करत राहिली. पुढं लग्न होऊन ती हैदराबादला गेली.

आता तिच्या घरी एक छोटा रिसीव्हर आहे. ऐकायला परवाना लागत नाही. स्पर्धा असली की मी आमच्या कारला अँटेना लावून निघते, बहुतेक एकटीच, कधी मुलगी बरोबर. संध्याकाळी शहानाचा फोन येतो. कुठं आवाज चांगला होता, कुठं बसला, कुणाचा नंबर मी चुकीचा घेतला, सगळं ती सांगते. गेल्या खेपेला म्हणाली, चाकूरच्या पुढं तू पंजाबच्या एका पोराला तीनदा पुकारलंस, तो देत होता उत्तर, तुला ऐकू येत नव्हतं. मी इथं ओरडत होते, अगं तो बोलतोय.

मी म्हटलं, मग बोलायचं ना मधे.

फोनमध्ये तिच्याकडची कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, परीक्षेला आता काय काय विचारतात, ते जरा पाठवून ठेव.